खालच्या मावशी वर गेल्या

इमारतीच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताचं पहिलं दार मावशींचं. त्या कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण दारच असं मोक्याच्या जागी होतं की साऱ्या इमारतीच्या मावशी होऊन बसल्या. वरच्या मजल्यांवरच्या बोलण्यात त्यांचं नाव ‘खालच्या मावशी’. किल्ली खालच्या मावशींकडे टाकून जा. पार्सल आलं तर खालच्या मावशी घेतील. सिलिंडरवाला येणार आहे, खालच्या मावशींना सांगून ठेवलंय.

उभी हयात त्यांनी सरकारी इस्पितळात एक्स-रे काढण्यात घालवली होती. ‘श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका, सोडा’ हे ही बाई झोपेतही म्हणते, असं त्यांचा नवरा थट्टेने सगळ्यांना सांगायचा. तो जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा समुद्रापासून खूप आत, डोंगरापलीकडच्या शहरात नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. तब्येत, गोळ्या, सुनेचा निरोप आणि शेवटी ‘आई, तू इकडेच ये आता’ हे ठरलेलं. मावशी ‘बघू’ म्हणायच्या. तेही ठरलेलं.

समुद्र दोन गल्ल्या सोडून होता. खिडकीतून दिसायचा नाही, पण कपाटाच्या बिजागऱ्यांना आणि पंख्याच्या पात्यांना चढणाऱ्या गंजातून तो घरात असायचाच. मावशी सकाळी खिडकीपाशी खुर्ची ओढून बसत आणि वरून उतरणारी माणसं नुसत्या पावलांवरून ओळखत. दुसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उतरायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी चपला ओढत चालायच्या. येता-जाता सगळेच दोन शब्द बोलत. पण ते बोलणं व्हायचं उंबऱ्याच्या अल्याड-पल्याड, उभ्या-उभ्या. ‘आत या’ म्हटलं तर ‘नको, घाईत आहे’. आणि ‘एकदा वर या ना निवांत’ असं जो तो म्हणे, पण ते ‘एकदा’ कधी उजाडलं नाही. मावशीही बोलावणं आल्याशिवाय कोणाकडे जाऊन बसणाऱ्यातल्या नव्हत्या. तरी दिवस असा तुकड्या-तुकड्यांनी भरून निघायचा आणि त्यांना वाटायचं, चाललंय ते बरं चाललंय.

पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि मोरीच्या जाळीतून बुडबुडे काढत पाणी वर येत होतं. ओसरल्यावर फरशीवर मिठाचा पांढुरका थर राहिला, तेव्हा मावशींना कळलं की हे नुसतं गटार तुंबलेलं नाही. प्लंबर आला, त्याने छातीठोकपणे सांगितलं की पाईपाचा दोष आहे, आणि पाईप बदलून गेला. पुढच्या उधाणाला पाणी नव्या पाईपातून आलं.

मग ते येतच राहिलं. आधी वर्षातून एखाददा, पुढे जवळजवळ प्रत्येक मोठ्या भरतीला. समुद्राची पातळी चढते आहे, असं बातम्यांत सांगत. वरचे लोक ती बातमी ऐकत, मावशी फडकं घेऊन पुसत. त्यांनी कपाटाखाली विटा घातल्या, फ्रिजखाली विटा, पलंगाखाली विटा. ‘माझं घर वीटभर उंच झालं बघा,’ असं त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं, तेव्हा दोघंही हसली.

पण एका वर्षी मोठी भरती आणि वादळ एकाच दुपारी आलं, आणि विटांचं काही चाललं नाही. पाणी मोरीतून आलं, दारातून आलं, शेवटी खिडकीतूनही आलं. गुडघ्याला लागलं तेव्हा मावशींनी पिशवीत औषधांचा डबा टाकला, चष्मा टाकला आणि खुंटीवर टांगलेल्या दुसऱ्यांच्या किल्ल्या टाकल्या. दार कसंबसं ओढून उघडलं आणि त्या जिन्यावर आल्या. पहिल्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर दम लागला म्हणून टेकल्या, त्या तिथेच बसून राहिल्या.

वर धावपळ चालली होती. दारं आपटत होती, माणसं एकमेकांना हाका मारत होती. टाकीत पाणी आहे का बघा, मेणबत्त्या कोणाकडे आहेत, उत्तरेकडच्या खिडक्या लावून घ्या. प्रत्येक हाकेला मावशींना वाटायचं, आता आपलं नाव येईल. आपण हाक मारली तर चार जण धावत येतील, हेही त्यांना ठाऊक होतं. पण हाक मारायची ती कोणाला, हे त्यांना ठरवता येईना. सेक्रेटरींना? वहिनींना? इतक्या वर्षांत ज्यांच्या घरात आपण एकदाही बसलो नाही, त्यांना आता ओल्या कपड्यांनी ‘मला आत घ्या’ कसं म्हणायचं? खाली पाणी एकेक पायरी गिळत होतं, आणि त्या पिशवी छातीशी धरून ते बघत होत्या.

पाणी ओसरायला लागलं तेव्हा सेक्रेटरी विजेरी घेऊन खाली उतरले आणि दचकले.

“अहो मावशी, तुम्ही इथे? आम्हाला वाटलं तुम्ही वहिनींकडे आहात.”

वहिनींना वाटलं होतं, त्या सेक्रेटरींकडे असतील. पहिल्या मजल्यावाल्यांना वाटलं होतं, त्या आधीच मुलाकडे गेल्या असतील. कोणाचं चुकलं म्हणावं, असं त्यात काही नव्हतं.

“आत्ताच आले,” मावशी म्हणाल्या. त्यांचे कपडे अंगावर सुकत आले होते, पण विजेरीच्या उजेडात ते कोणाला दिसलं नाही.

या वादळाने वरच्यांचेही डोळे उघडले. विजेचे मीटर, पाण्याचा पंप आणि लिफ्टचा खड्डा, सगळं तळमजल्याला. मीटर जळाले, पंप चिखलाने भरला, आणि कित्येक दिवस चौथ्या मजल्यापर्यंत बादल्या चढवता-चढवता सगळ्यांच्या कमरेचे टाके ढिले झाले. मग पालिकेची एक इंजिनियर पाहणीला आली. पोरसवदा वयाची, पाठीला पिशवी, बुटांना चिखल. तिने गच्चीवर सगळ्यांना बोलावलं आणि समजावून सांगितलं. समुद्राकाठी मोठी भिंत होणार आहे, पण तिला वेळ लागेल, आणि ती झाली तरी गटारांतून उलटं चढणारं पाणी ती अडवू शकणार नाही. तेव्हा पाण्याला अडवण्यापेक्षा वाट देणं बरं. या पट्ट्यातल्या इमारतींनी तळमजले मोकळे करावेत, आतल्या भिंती काढून नुसते खांब ठेवावेत. पाणी एका अंगाने येईल, दुसऱ्या अंगाने निघून जाईल. मीटर आणि पंप वर न्यावेत. बदल्यात गच्चीवर एक घर बांधायला परवानगी मिळेल, आणि खर्चाचा मोठा वाटा पालिका उचलेल.

त्यावर तास दीड तास चर्चा झाली. मीटर कुठे बसवायचे, पंपाचा आवाज कोणाच्या डोक्यावर, गाड्या कुठे लावायच्या, असं सगळं बोलून झालं. तळमजल्यावर एक बाई राहते, हे तेवढं कोणी बोलेना. मावशी पाण्याच्या टाकीला टेकून बसल्या होत्या, आणि सगळे त्यांच्याकडे सोडून बाकी सगळीकडे बघत होते. सेक्रेटरी ‘तर मग, एकंदरीत’ एवढं म्हणून तीनदा थांबले.

“म्हणजे माझं घर काढायचं,” मावशी म्हणाल्या.

“काढायचं असं नाही हो, मावशी,” सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले. “वर न्यायचं.”

“मला वर पाठवायची तुम्हाला एवढी घाई असेल, असं वाटलं नव्हतं.”

सगळे हसले, जरा जास्तच हसले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखे. मावशींनी तिथल्या तिथे होकार दिला आणि सगळ्यांनी त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. तेव्हा वहिनींच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मन मोठं-बिठं काही नव्हतं. वादळानंतर मावशींची झोप उडाली होती. जरा डोळा लागला की जिन्याची पायरी पाण्याखाली जाताना दिसायची. पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगायला गेलं तर त्या दुपारचं सगळंच सांगावं लागलं असतं.

काम चालू होतं तोवर त्या मुलाकडे राहिल्या. मुलगा चांगला होता, सून चांगली होती. दोघं सकाळी डबा घेऊन बाहेर पडत, ते दिवेलागणीला परतत. मधल्या वेळात मावशी बाराव्या मजल्यावरून खालच्या गाड्या बघत. खिडकी जाड काचेची होती, आवाज काही यायचा नाही. मुलाने सारखं विचारलं, आई, कायमची का राहत नाहीस? त्यांनाही नीटसं सांगता आलं नाही. एकदा त्या म्हणाल्या, तिकडे माझी माणसं आहेत. मावशींना आपल्याच बोलण्याचं नवल वाटलं.

त्या परत आल्या तेव्हा इमारत खांबांवर उभी होती. डाव्या हाताला दार नव्हतं, भिंत नव्हती, खिडकी नव्हती. एका खांबाला त्यांच्या स्वयंपाकघराचा पिवळा रंग अजून चिकटून होता, त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की पलंग इथे, कपाट तिथे. गल्लीतल्या लोकांना आता ही जवळची वाट झाली होती. त्या बघत असतानाच एक माणूस फोनवर बोलत मोरीकडून आला आणि स्वयंपाकघरातून पलीकडच्या रस्त्याला लागला. मावशी अंग चोरून बाजूला झाल्या.

वरचं घर तसं झकास होतं. भिंतींना ओल नाही, उन्हाचा चटका लागू नये म्हणून छताला पांढरा रंग, आणि खिडकीतून अख्खा समुद्र. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत यायची, पुढे एकच जिना. सामान लावून झालं, तेव्हा मावशींनी सवयीने खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि बसल्या. खिडकीखाली गच्ची होती. गच्चीवर कोणी नव्हतं.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या दारावरून कोणी कुठे जात नाही. इथे वाट संपते. लोक वर येत ते कपडे वाळत घालायला, तेही उन्हं चढायच्या आत, आणि वारा एवढा की बोललेलं उडून जाई. किल्ल्या आता पहिल्या मजल्यावर ठेवल्या जाऊ लागल्या. किल्लीसाठी गच्चीपर्यंत कोण चढणार? सगळ्यांना सोयीचं तेच होतं, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, असं मावशी स्वतःला बजावत. नाव मात्र बदललं नाही. सगळ्यांच्या डोक्यावर राहायला गेल्या, तरी त्या खालच्या मावशीच राहिल्या.

याच सुमारास पार्सलवाल्याची गंमत झाली. ती वहिनींनी कपडे वाळत घालता-घालता सांगितली. इतकी वर्षं मावशींच्या दारात पार्सलं टाकणारा तो माणूस बऱ्याच दिवसांनी आला, तो तळमजला मोकळा. त्याने पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना विचारलं, इथल्या मावशी कुठे गेल्या? आजोबा म्हणाले, त्या वर गेल्या. पार्सलवाल्याने डोक्यावरची टोपीच काढली. चांगल्या होत्या हो, म्हणाला, काय झालं होतं? आजोबांना कमी ऐकू येतं. ते म्हणाले, पाण्याचा त्रास होता. हे सगळं सांगताना वहिनींच्या हातातले चिमटे हसून-हसून खाली पडले. मावशीही डोळे पुसेपर्यंत हसल्या.

“मग पुढे काय म्हणाला तो?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, आता पार्सल कोणाकडे ठेवू?”

वहिनी पुन्हा हसल्या, बादली उचलून खाली गेल्या. मावशी बराच वेळ तिथेच वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभ्या होत्या.

इंजिनियर मुलगी अधूनमधून यायची. कधी पंप बघायला, कधी छताचं तापमान बघायला. मावशी तिला चहा द्यायच्या. नव्या घरात आत येऊन बसणारी ती पहिलीच, त्यामुळे मावशींना तिच्या येण्याची ओढ लागली होती, पण तसं त्या दाखवत नसत. एकदा ती हिरमुसून आली. या पट्ट्यात मावशींची इमारत सोडून एकही तळमजला मोकळा झाला नव्हता. शेजारच्या इमारतीत सगळे तयार होते, पण तळमजल्यावरचे मिक्सरवाले काही केल्या ऐकेनात. मावशी त्यांना नुसतं तोंडओळखीने ओळखत. एकटेच राहणारे, सत्तरी ओलांडलेले, पुढच्या खोलीत मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करत बसलेले. मावशी, तुम्ही एकदा येऊन बोलाल का, असं तिने विचारलं. तुम्ही स्वतः यातून गेला आहात, तुमचं ते ऐकतील.

दोघी गेल्या. मिक्सरवाल्यांच्या घरात बसायला जागा करण्यासाठी दोन स्टुलांवरचे मिक्सर खाली ठेवावे लागले. खोलीभर मिक्सरच मिक्सर, बहुतेक असे की दुरुस्तीला टाकून मालक विसरून गेलेले. इंजिनियरने पुन्हा सगळं समजावलं. मागच्या वादळात पाणी कुठवर आलं, पुढच्या वर्षांत कुठवर येईल. मिक्सरवाले हातातला पेचकस फिरवत ऐकत होते. तिचं झालं तशी त्यांनी मान मावशींकडे वळवली.

“बाई, एकच विचारतो. वर करमतं का?”

इंजिनियर मोठ्या आशेने मावशींकडे बघत होती. मावशींना तिचा चेहरा दिसत होता. मिक्सरवाल्यांच्या उघड्या दारावरून कोणीतरी ‘काय, चाललंय का?’ असं विचारत गेलं, आणि मिक्सरवाल्यांनी न बघताच हात वर केला.

“नाही,” मावशी म्हणाल्या. “करमत नाही.”

इंजिनियरने मान खाली घातली.

“पण झोप लागते.”

मिक्सरवाल्यांच्या हातातला पेचकस फिरायचा थांबला. “विचार करतो,” एवढंच म्हणाले, आणि उठून त्यांनी स्टुलांवर मिक्सर परत ठेवायला घेतले.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, “तुझं काम बिघडवलं मी.”

“तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, की करमत नाही म्हणून.”

“तू कधी विचारलं नाहीस.”

कोपऱ्यापर्यंत दोघी चालत गेल्या. मग तिने मावशींची पिशवी आपल्या हातात घेतली, आणि मावशींनी घेऊ दिली.

पुढचं मोठं वादळ आलं तेव्हा सकाळपासूनच गाडीवरून भोंगे वाजत होते. दुपारच्या भरतीला पाणी चढणार, तळमजल्यावरच्यांनी वर जावं. मावशींच्या इमारतीत यावेळी कोणाला घाई नव्हती. गाड्या उंचावर नेऊन ठेवल्या, टाक्या भरल्या, झालं. मावशींनी गच्चीच्या कठड्यावरून खाली बघितलं. शेजारच्या इमारतीत मिक्सरवाल्यांचं दार उघडं होतं, आणि दारात ते पोत्यात वाळू भरत बसले होते. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या एकेक करून लागत होत्या. त्या खिडक्यांआड कोण काय म्हणत असेल, हे मावशींना इथून ऐकू आल्यासारखं वाटलं. ते गेले असतील गावाला पुतण्याकडे. किंवा पहिल्या मजल्यावर गेले असतील. कोणीतरी नेलं असेल त्यांना.

त्यांनी चपला घातल्या आणि खाली उतरल्या. गल्लीतल्या गटारांच्या झाकणांतून पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येत होतं. समोर जाऊन त्या म्हणाल्या, “चला.”

“कुठे?”

“वर. माझ्याकडे.”

“आणि हे?” मिक्सरवाल्यांनी खोलीकडे हात केला. “लोकांची वस्तू आहे. उद्या मागायला आले तर काय सांगू?”

“ज्यांची आहे त्यांनी इतकी वर्षं मागितली नाही. आता चला.”

ते उठेनात. मग मावशी खाली बसल्या, वाळूच्या पोत्यावरच, आणि हळू आवाजात त्यांना सांगितलं. मागच्या वेळी मी जिन्यात किती वेळ बसले होते, कोणाचं काही चुकलेलं नसताना कशी बसले होते, आणि कोणाला हाक मारायची हे कसं ठरवता येत नव्हतं. आजवर कोणालाच न सांगितलेलं, जवळजवळ परक्या माणसाला, घोट्याला पाणी लागत असताना सांगितलं. मिक्सरवाले ऐकत राहिले. मग आत जाऊन त्यांनी हत्यारांची पिशवी आणि एक स्वेटर घेतला, दाराला कुलूप घातलं, आणि निघाले.

गच्चीवरच्या खोलीत दोघं खिडकीपाशी बसली. समुद्र आणि रस्ता यांतला फरक मिटत चालला होता. पाणी गल्लीत शिरलं, मावशींच्या जुन्या घरात समुद्राकडच्या बाजूने गेलं आणि पलीकडून निघून गेलं. अडलं नाही, तुंबलं नाही. दिवे गेले नाहीत. लिफ्ट तेवढी खबरदारी म्हणून वर आणून बंद केली होती. खालच्या मजल्यांवरून हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता, कुठेतरी टीव्ही चालू होता. शेजारच्या इमारतीचा तळमजला मात्र काळोखात होता, आणि दाराच्या कडीपर्यंत पाणी चढलं होतं. मिक्सरवाले तिकडे बघत नव्हते.

“तुमच्याकडे मिक्सर आहे का?” त्यांनी बऱ्याच वेळाने विचारलं. “काही आवाज-बिवाज करतो?”

“नाही हो. चांगला चालतो.”

“असं,” ते म्हणाले. जरा हिरमुसलेच.

इतक्यात दारावर थाप पडली. वहिनी होत्या, दोन मजल्यांचा जिना चढून धापा टाकत आलेल्या. “मावशी, आहात ना हो वर? म्हटलं बघून यावं.” मग त्यांना मिक्सरवाले दिसले. “अरे वा, सोबत आहे होय! मग काही काळजी नाही,” म्हणाल्या आणि उतरून गेल्या. त्यांना चहाला थांबा म्हणायचं मावशींच्या ओठांवर आलं होतं, तोवर त्या पहिल्या वळणापर्यंत पोचल्याही होत्या.

पाणी ओसरल्यावर मिक्सरवाल्यांनी आपलं घर उघडलं. सगळे मिक्सर गाळाखाली होते. ते कितीतरी वेळ दारात उभे होते, पण आत गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी दूरच्या गावाहून पुतण्या आला, त्याने फार विचारलं-बिचारलं नाही, काकांना सोबत न्यायचं ठरवूनच आला होता. जाण्याआधी मिक्सरवाल्यांनी पालिकेच्या कागदावर सही केली. त्यांच्या वाट्याला वर जी खोली येणार होती तिचं काय करायचं, ते पुढे बघू म्हणाले. इंजिनियर मावशींचे आभार मानायला आली, तेव्हा मावशी म्हणाल्या, मी काय केलं, पाण्याने केलं. त्यांना खरं तर वाटत होतं की तो माणूस वरच्या खोलीत राहायला आला असता, तर दोन गच्च्यांमध्ये एवढंसं अंतर आहे, एखाद्या वेळी हात वर करता आला असता. पण ही गोष्ट बोलून दाखवायची नव्हती.

आता त्या पट्ट्यातल्या पाच-सहा इमारती खांबांवर उभ्या आहेत. मुलगी बोलावते तिथे मावशी जातात. लोक विचारतात, वर करमतं का, आणि त्या दरवेळी तेच खरं उत्तर देतात. काही जण ऐकतात, काही नाही. परत आल्यावर त्या दार उघडं ठेवून बसतात. कपडे वाळत घालायला आलेलं कोणी कधी दोन शब्द बोलतं, कधी वाऱ्यात घाईने चिमटे लावून निघून जातं.

मोठ्या भरतीच्या दिवशी मात्र दुपारी फोन वाजतो. मिक्सरवाले कॅलेंडर बघून करतात.

“आज कुठवर आलंय?”

“थांबा, बघून सांगते.”

गच्चीवरूनही दिसलं असतं, पण मावशी खाली उतरतात. शेवटच्या कोरड्या पायरीवर उभ्या राहून नीट बघतात, मग फोन कानाला लावतात.

“घोट्याएवढं. तुमच्याकडेही तेवढंच. आत शिरलंय नि पलीकडून चाललंय.”

“बरं.”

तिकडे कुठेतरी दार लागल्याचा आवाज येतो, पुन्हा सामसूम होते. मागच्या भरतीला मावशींनी धीर करून विचारलं, “तुमचं कसं चाललंय तिथे?”

“पुतण्या चांगला आहे,” ते म्हणाले.

मावशी ‘हो ना’ म्हणाल्या, आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही. फोन लगेच ठेवलाही नाही. पाणी खांबांमधून मागे सरकेपर्यंत दोघंही तशीच कानाला फोन लावून होती.